खोलीच्या बदल्यात पन्नास हजार शब्द

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ५.४०
आजपासून कादंबरी. तीस दिवसांत पन्नास हजार शब्द. म्हणजे रोज सोळाशे सदुसष्ट. डाव्या हातचा मळ. हार्डवेअरच्या दुकानात रंगाच्या काउंटरवर उभा राहून मी दिवसाला याच्या दुप्पट बोलतो. ते फक्त लिहून काढायचं.

अटी लिहून ठेवतो, नंतर भानगड नको. सासरे (आयनार, वय ८४) ऑक्टोबरात गोठ्याच्या पायरीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. सध्या पुनर्वसन केंद्रात आहेत. १ डिसेंबरला सोडणार. शेतावर आता एकटे राहू शकत नाहीत, जिनाही चढू शकत नाहीत. आमच्या घरात खालच्या मजल्यावर दार लागेल अशी एकच खोली, आणि ती माझी लेखनाची खोली. बावीस वर्षांपासून.

आर्डिसने (पत्नी) विषय काढला तेव्हा मी म्हटलं, त्या खोलीत कादंबरी चालू आहे. ती म्हणाली, बावीस वर्षं? मी म्हटलं, मोठी आहे. मग ती बराच वेळ एकच पातेलं पुसत राहिली आणि शेवटी म्हणाली की लायब्ररीत नोव्हेंबरभर ते महिन्यात कादंबरी लिहायचं चालतं ना, त्यात तू पन्नास हजार शब्द पुरे कर. केलेस तर खोली तुझी. बाबांना मी डुलुथच्या वृद्धाश्रमात ठेवीन आणि पुन्हा त्यावर बोलणार नाही. नाही केलेस तर खोली बाबांची, आणि तू बोलायचं नाहीस. मी हात पुढे केला. तिने मिळवला. तिचा हात ओला होता.

वृद्धाश्रम चांगला आहे असं ऐकतो. तळं दिसतं म्हणे.

आजचे शब्द: ०. पण नाव ठरलं. ‘सातव्या हिमनगाचा वारस’. नाव ठरलं की अर्धं काम झालं.

२ नोव्हेंबर, रविवार
एकूण २३१. हवेत ३,३३४. कारण खुर्ची. डावीकडे कलते. उजव्या पायाखाली पुठ्ठा घातला, मग उजवीकडे कलायला लागली. त्यात दुपार गेली. आर्डिस वडिलांना भेटायला निघाली होती, येतोस का म्हणाली. मी म्हटलं, शब्द.

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ७
लायब्ररीत सामूहिक लेखन. अकरा जण. ट्रूडी, म्हणजे ग्रंथपाल, गाईच्या गळ्यातली घंटा वाजवते आणि सगळे पंधरा मिनिटं मान खाली घालून टायपायला लागतात. घंटा पुन्हा वाजली की आपापला आकडा मोठ्याने सांगायचा. शेजारी हॅरिएट बसते, वय चौऱ्याहत्तर, पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिचा आकडा ६११. माझा ३८.

पण तिचे शब्द छोटे असतात. मी पाहिलं.

नियम तीन. खोडायचं नाही. मागे जाऊन वाचायचं नाही. थांबायचं नाही. ट्रूडी म्हणाली, मागे वाचलंत की संपलात, लिहिलेलं वाचून माणूस रडतो आणि गोल्फ खेळायला जातो. पहिले दोन नियम माझ्या स्वभावातच आहेत.

५ नोव्हेंबर, बुधवार
युक्ती क्रमांक एक. नायकाचं नाव आता नुसतं ‘लार्स’ नाही. ‘कर्नल डॉक्टर लार्स ऑगस्टिन फॉन हॉल्स्टेन धाकटा’. एका दमात सात शब्द. तो दारात आला, खोकला, बसला, इतक्यात एकवीस. थेंबे थेंबे तळे साचे.
एकूण १,९०२. हवेत ८,३३५.

८ नोव्हेंबर, शनिवार
हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला. दुकानात सकाळी सहापासून रांग. नारिंगी जाकिटं, हातमोजे, दोऱ्या. माझा रंगाचा काउंटर ओस, म्हणून मला दोऱ्या कापायला उभं केलं. निम्मं गाव जंगलात आणि निम्मं आमच्या दुकानात, अशात साहित्य होत नसतं. आर्डिस केंद्रात जाऊन आली. आयनार आता काठीने स्वच्छतागृहापर्यंत जातात म्हणाली. मी तिला कर्नलच्या घोड्याबद्दल सांगितलं.
एकूण ३,००५.

१० नोव्हेंबर, सोमवार
युक्ती क्रमांक दोन. कर्नलला एक बहिरी आत्या आणली. तिला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागतं. युक्ती क्रमांक तीन: आत्या स्वयंपाक करते आणि करताना बोलते. आज बटाट्याच्या हॉटडिशची, म्हणजे ओव्हनमध्ये भाजायच्या पदार्थाची, अख्खी पाककृती घातली, मशरूम सूपच्या डब्यावरच्या सूचनांसकट. मग आत्याला ती दोनदा सांगितली.

लायब्ररीत ट्रूडीने विचारलं, कथानक कुठवर आलं? मी म्हटलं, ओव्हन तापतोय.

१२ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ६
एकूण ७,१८०. हवेत २०,०००.

भागाकार पुन्हा केला. उरलेल्या दिवसांत रोज दोन हजार तीनशेच्या आसपास. हे जमण्यासारखं आहे, फक्त आजवर जमलेलं नाही. काल संध्याकाळी घरी आलो तर माझ्या टेबलावर मापाची टेप पडली होती. आर्डिसची.   टेप मी शिवणाच्या डब्यात नेऊन ठेवली आणि हात धुतले, का ते माहीत नाही.

छातीत धडधडतंय. कॉफी असावी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
क्रांती!

हॅरिएटने सुचवलं. म्हणाली, डेलमर बाळा, तुझी बोटं लाकडाची आहेत पण तोंड चांगलं चालतं, तर लॅपटॉपला ऐकायला लाव ना. खरंच, त्यात सोय आहे. आपण बोलायचं, तो टाइप करतो. गप्प बसलं तर वाट बघतो, पुन्हा आवाज आला की पुन्हा सुरू. दिवसभर चालू ठेवला तरी कुरकुर नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. या म्हणीचा असा उपयोग माझ्याआधी कोणी केला नसेल.

तासाभरात ८२०. त्यात मधे शिंकलो त्याचेही दोन शब्द झाले.

१५ नोव्हेंबर, शनिवार
बोलून बोलून घसा बसला. पण एक शोध लागला. काल मी बोलत असताना बाहेरच्या खोलीत टीव्हीवर हॉकीचा सामना चालू होता. आकडा बघतो तर तीनशेने जास्त. सामन्याचं समालोचन आत शिरलं होतं. खोडणार होतो, पण नियम म्हणजे नियम. खोडायचं नाही.

मग विचार केला. घराचा आवाज हा कादंबरीचा आवाज का नसावा? मोठे लेखक याला परिसर म्हणतात. आता कामावर जाताना टेबलावर रेडिओ हळू लावून ठेवायचा. सकाळी धान्याचे भाव, मग हवामान, मग तो कार्यक्रम, ज्यात लोक फोन करून एकमेकांना वस्तू विकतात. कर्नलच्या गावातही हवामान असणारच. वाचत बसायचं नाही, नियमच आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
एकूण ११,६४०. हवेत २६,६७२. घोडामैदान दूर नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
काल कामावरून आलो तर २,३१०ने वाढ! आज पुन्हा २,८००! रेडिओचा असा सुकाळ होईल वाटलं नव्हतं.

जेवताना आर्डिस म्हणाली की तुझ्या खोलीत रेडिओ बडबडत असतो, मी कालपासून बंद करून ठेवते, वीज काय फुकट येते? मी दचकलो. मग आकडा वाढला कसा? बराच विचार केला. सकाळी निघण्यापूर्वी मी अर्धा तास बोलतो. मला तो अर्धा तास वाटतो, पण तंद्री लागली की वेळेचं भान राहत नाही. प्रतिभावंतांचं असं होतं.

तिने आणखी एक सांगितलं, माझी सक्त नाराजी इथे नोंदवतो. मी दुकानात असताना ती माझ्या खोलीत बसून बहिणीशी फोनवर बोलते. बहीण लव्हॉन, ॲरिझोनात असते. म्हणे फोनला सिग्नल फक्त त्या खिडकीपाशी मिळतो. रोज दीड-दोन तास! मी म्हटलं, बोल बाई, पण माझ्या कागदांना हात लावू नकोस. ती म्हणाली, कुठले कागद?

२० नोव्हेंबर, गुरुवार
एकूण २२,४००.

गराजमध्ये पलंग आलाय. हॉस्पिटलचा, बटण दाबलं की डोकं वर होणारा. लव्हॉनने पाठवला. गाडी आत जात नाही, सकाळी काचेवरचा बर्फ खरवडावा लागला. आर्डिसला म्हटलं, महिना संपलेला नाही. ती म्हणाली, मला माहीत आहे. मी म्हटलं, मी जोरात आहे, जिंकणार. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता अभिनंदन करेल. ती उठून बेसिनपाशी गेली आणि नळ सोडला. भांडी नव्हती.

स्पर्धेचा ताण घरच्यांवरही येतो.

२३ नोव्हेंबर, रविवार
लायब्ररीत आकडा सांगितला: ३१,७५५. टाळ्या! हॅरिएट (४६,०००) म्हणाली, बाळा, तू तर उकळायला लागलास. ट्रूडीने रहस्य विचारलं. मी सांगितलं, शिस्त.

आर्डिसने पुन्हा विचारलं, येतोस का केंद्रात. आयनार जिन्याच्या तीन पायऱ्या चढले आज, बघायला ये. मी म्हटलं, आता थांबलो तर लय जाईल. ती दोन वेळा विचारत नाही हल्ली.

२६ नोव्हेंबर, बुधवार
एकूण ४३,१२०. काल एका दिवसात साडेचार हजार! मी काल घशामुळे बोललोही नव्हतो. तरी. आता मला वाटायला लागलंय की कादंबरी स्वतःच लिहिते, मी फक्त आडवा येऊ नये.

लव्हॉन आजारी पडली असावी किंवा भांडण झालं असावं. आर्डिसचे डोळे लाल. विचारणार होतो, पण ती म्हणाली काही नाही, कांदा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग
आर्डिस टर्की आणि भोपळ्याचा केक घेऊन केंद्रात गेली, वडिलांबरोबर जेवायला. मी थांबलो. सगळं घर माझं. माशी हलत नव्हती. लॅपटॉप चालू ठेवून त्याच्यासमोर दिवसभर बसलो.
६१ शब्द.
शांतता प्रतिभेला पोषक नसते असं दिसतं.  अजून सहा हजार आठशे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
दुकानात वर्षातली सगळ्यात मोठी विक्री, सकाळी पाचपासून. घरी आलो, भीतभीतच आकडा पाहिला. ४७,३००! देवा. हत्ती गेला, शेपूट राहिलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ५.१५
५०,२१२.
पुन्हा लिहितो. ५०,२१२.

खुर्चीत बसून राहिलो. बावीस वर्षं. आर्डिसला सांगायला गेलो. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती, हातात फोन. मी आकडा सांगितला. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, सोमवारी सकाळी डुलुथला फोन करते. तिचा आवाज अगदी शांत होता. शब्दाला पक्की आहे, हे तिचं मला आवडतं.

उद्या दोन वाजता समारोप. घरच्यांना आमंत्रण आहे. ती येणार. लिंबाचे बार, म्हणजे गोड वड्या, करून नेणार, सगळेच काही ना काही नेतात.

३० नोव्हेंबर, रविवार
जसं झालं तसं लिहितो.

समारोपाची इथली एक रीत आहे. लेखकाने आपलं पान निवडायचं नाही. शेजारी एक आकडा सांगतो, ते पान काढायचं आणि न चाळता पूर्ण वाचायचं. कच्चं लिहिलेलं कच्चंच ऐकायचं. हॅरिएटच्या पानावर एक पाद्री एका विधवेला लोणच्याची बरणी उघडून देत होता. सगळे गहिवरले. मग माझी पाळी. हॅरिएट म्हणाली, एकशे बारा.

उभा राहिलो. घसा साफ केला. कर्नलसाठी मी एक जाड आवाज राखून ठेवला होता, त्या आवाजात सुरुवात केली. पानावर एकही पूर्णविराम नव्हता. हे असं होतं:

“बारा बाय साडेनऊ गं लव्हॉन पलंग खिडकीखाली बसेल बाबांना पक्षी दिसतील हो आता इथेच उभी आहे त्याच्या खोलीत नाही गं काही नाहीये इथे एक टेबल एक खुर्ची आणि खुर्चीखाली पुठ्ठा”

लोक हसले. छान हसले. हॅरिएट शेजारणीला म्हणाली, बघ कसं बोलतात याची माणसं. मी खाली पाहिलं, वर पाहिलं. मागच्या रांगेत आर्डिस बारच्या ट्रेवरचा कागद काढत होती. तिचा हात थांबला.

मीही थांबलो. ट्रूडी प्रेमाने म्हणाली, डेलमर, पान पुरं करायचं असतं. अकरा माणसं आणि त्यांच्या घरचे. मी वाचलं. आवाज बदलायचा राहून गेला, कर्नलच्याच जाड आवाजात वाचलं.

“मी आकडा दिला कारण खोली दे असं माझ्या तोंडून निघेना बावीस वर्षं पोरांना सांगत आले हळू चाला बाबा लिहितायत आता कसं म्हणू की तिथे काही नाही वाटलं दहा दिवसांत स्वतःच सोडेल मग मला बोलावं लागणार नाही पण तो आकडा वाढतोच आहे लव्हॉन मला भीती वाटते तो जिंकेल आणि मी शब्द दिलाय रोज सकाळी देवाला म्हणते त्याला काही सुचू देऊ नकोस नवऱ्यासाठी असं मागतं का गं कोणी”

आता कोणी हसत नव्हतं. मला पुढची ओळ दिसत होती. तरी जीभ पुढे पुढे चालली.

“पडल्यापासून एकदा नाही विचारलं त्याने बाबा कसे आहेत एकदा विचारलं असतं ना तर मी पलंग जेवणाच्या खोलीत टाकला असता आणि याची खोली याला ठेवली असती”

पान संपलं.

मग टाळ्या. खूप. हॅरिएट डोळे पुसत होती. म्हणाली, बाळा, इतकं खरं बाईचं बोलणं पुरुषाला कसं सुचतं? ट्रूडीने प्रमाणपत्र दिलं, त्यावर सोनेरी शाईत ५०,२१२. आर्डिसने ट्रेवर कागद पुन्हा नीट लावला, चारी कोपरे दाबून, आणि कोट घातला. बार कोणी खाल्ले नाहीत.

गाडीत अकरा मैल. वायपरचा आवाज.

घरी येऊन मी नियम मोडले. मागे गेलो. वाचलं. चार वाजल्यापासून सव्वासहापर्यंत वाचत होतो, सगळं नाही वाचू शकलो. जे माझं नव्हतं ते काढत गेलो. शेतावरची मांजर कोण सांभाळतं, रात्री आयनारना आर्डिसच्या आईला नावाने हाक मारायची सवय लागली आहे, आमच्या थोरल्या मुलाने फोन करणं का बंद केलंय. यातलं मला काही ठाऊक नव्हतं. हे सगळं माझ्याच घरात झालं होतं. नंतर धान्याचे भाव काढले. हॉकी काढली.

उरले ११,९४०. त्यात ‘कर्नल डॉक्टर लार्स ऑगस्टिन फॉन हॉल्स्टेन धाकटा’ सहाशेपेक्षा जास्त वेळा.

आर्डिस स्वयंपाकघरात होती. मी आकडा सांगितला. म्हटलं, नाही झाले. ती म्हणाली, लायब्ररीने तर प्रमाणपत्र दिलं. मी म्हटलं, ते तुझं आहे.  ती म्हणाली, मशीन चालू असतं हे मला खरंच माहीत नव्हतं डेल, असं सगळ्यांसमोर व्हायला नको होतं. आणि रडली. मी खोलीत जाऊन माझ्या लिहायच्या टेबलाचं एक टोक उचललं. तिने मागून येऊन दुसरं धरलं.

टेबल दारातून निघेना. पाय सोडवावे लागले. आत नेलं होतं तेव्हा कसं नेलं होतं, दोघांनाही आठवलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार. दुपारी ३
दुकानातून रजा घेतली. केंद्रात मी गेलो, आर्डिस घरी पलंग लावत होती. आयनार कोट घालून, टोपी मांडीवर घेऊन, दाराशी तयार बसले होते. सकाळी सातपासून, नर्स म्हणाली. मी विचारलं, कसं वाटतंय? ते म्हणाले, बरं आहे. मला आणखी काही विचारायचं सुचलं नाही.

घरी काठी टेकत खोलीत आले. या खोलीत ते पहिल्यांदाच आले, आजवर मीच कोणाला येऊ देत नव्हतो. पलंगावर बसले, बटण दाबून डोकं वर-खाली करून पाहिलं, खिडकीतून बाहेर पाहिलं. खूश झाले. म्हणाले, छान उजेड आहे रे. एवढी चांगली खोली, इथे आधी काय होतं?

आर्डिस उशीला अभ्रा घालत होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, काही नाही. अडगळ होती.